पाण्याची गोळी आणि घोट्यावरचा दोरा

घाटंजीच्या भर बाजारात एखादा भला माणूस वांगी निवडत वाकलेला असे, तोच मागून त्याच्या खांद्यावर हात पडे आणि चार दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रश्न येई, "काहो, लघवी साफ होऊन राह्यली ना?" हा प्रसंग दर आठवड्याला कुणा ना कुणावर यायचाच. विचारणारा माणूस मात्र एकच, आमच्या गावच्या दवाखान्याचा कंपौंडर. बाकीचे लोक एकमेकांना जय भीम घालत, रामराम घालत, हा गृहस्थ लघवी विचारत असे आणि उत्तर मिळेपर्यंत खांदा सोडत नसे. एकदा पाहणीला आलेल्या एका बड्या साहेबांचे पाय बुटातून फुगून वर आलेले यांनी पाहिले आणि नमस्काराच्या जागी तेच विचारलं. साहेब आधी लालबुंद झाले, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "थोडी कमीच होते." त्यानंतर साहेबांची पाहणी राहिली बाजूला आणि कंपौंडरची सुरू झाली.

हे कंपौंडर माझे घरमालक. त्रेसष्ट-चौसष्टची गोष्ट आहे. मी मॅट्रिक होऊन पंचायत समितीत नवाच कारकून लागलो होतो आणि माय व मी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मी त्यांना काकाजी म्हणत असे. ते मला बाबू म्हणत, कारण त्यांच्या मते टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव बाबूच असतं. घरात ते एकटे. पन्नाशीचे, काटकुळे, अंगात बाराही महिने एकच खाकी कोट आणि त्याला पाच बटणं, पाचही वेगवेगळ्या रंगांची.

त्यांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस दाराशीच अडखळायचा. दार जरा फुगलेलं होतं, धक्का दिल्याशिवाय उघडत नसे. म्हणून त्यावर दवाखान्यातल्या बाटलीचं लेबल डकवलेलं होतं, "वापरण्यापूर्वी हलवावे." आत गेलं की मोहरीच्या तेलाच्या डब्यावर "फक्त बाहेरून लावण्यासाठी," मिठाच्या बरणीवर "डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊ नये," आणि भिंतीवरच्या आरशावर "थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे." जुनी लेबलं फेकून द्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर येई. बोलणंही तसलंच. वर्तमानपत्र जेवणानंतर, तक्रार रिकाम्या पोटी, आणि नातेवाईक दिवसातून एकदा, तेही गरज पडल्यास. माझी माय म्हणायची, "या माणसाले शिशीत भरून बूच लावून ठेवाले पायजे." हे ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते तिला बाई म्हणत, म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीला भ्यावं तसं तिला भीत.

पण घरातली सगळ्यात अजब वस्तू म्हणजे मागची भिंत. तिच्यावर खिळेच खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक वीतभर काळा दोरा लोंबकळलेला. प्रत्येक दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर माणसाचं नाव आणि गाव. रात्री मुक्कामाला आलेला माझा एक मामा ती भिंत पाहून पहाटेच्याच गाडीने परत गेला. तो मला नंतर म्हणाला, "भाच्या, तुहा घरमालक करणी करते काय?"

करणीशी काकाजींचं हाडवैर होतं. छप्पन साली आमच्या मोहल्ल्याने दीक्षा घेतली तेव्हा हाच माणूस दवाखान्याची कात्री घेऊन दारोदार हिंडला होता. ज्याच्या गळ्यात ताईत दिसला त्याचा ताईत, ज्याच्या हातात गंडा त्याचा गंडा, कचाकच कापत गेला. माझ्या मायच्या मनगटावरचा गंडाही त्यांनीच कापला होता. माय सांगायची, की त्या दिवशी कंपौंडर इतका रंगात आला होता की एकाच्या पायजम्याची नाडीही कापून बसला.

तर अशा माणसाच्या भिंतीवर दोरे कशाला, तर त्याचं कारण पाण्याची गोळी. त्या सुमारास यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून छातीच्या आणि पायसुजीच्या रोग्यांना एक नवी गोळी मिळू लागली होती. ती घेतली की लघवीवाटे अंगातलं साचलेलं पाणी निघून जाई. लोक तिला पाण्याची गोळी म्हणत. गोळी चालते आहे की नाही हे पाहायला रोग्याने दर आठ दिवसांनी बैलगाडीतून इथवर यायचं, हे काकाजींना पटेना. म्हणून त्यांनी आपला उपाय काढला. सूज उतरली की रोग्याच्या घोट्यावर काळा दोरा बांधायचा, असा की खालून एक बोट सहज जावं. तेवढ्याच लांबीचा जोडदोरा कापून आपल्या भिंतीला टांगायचा. रोग्याने रोज सकाळी खाटेवरून उतरण्याआधी दोऱ्याखाली बोट घालायचं. बोट गेलं तर चांगलं. नाही गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मी एकदा विचारलं, "काकाजी, टेप देऊन टाका ना एकेक."

"टेप वाचाले डोळे लागते बाबू," ते म्हणाले. "दोरा पायाले आपोआप समजते."

आता दोरा काळा, बांधणारा कंपौंडर, बांधताना तोंडाने काहीतरी पुटपुटणारा. ते पुटपुटत ते गोळीचं प्रमाण, पण लोकांना तो मंत्र वाटे. दोरा न्यायला लोक नारळ घेऊन येऊ लागले. काकाजी संतापाने नाचायचे, नारळ परत द्यायचे, भाषण ठोकायचे. लोक मान डोलवत ऐकत, दोरा बांधून घेत आणि घरी जाऊन त्याला उदबत्ती ओवाळत.

घाटंजीपासून दूरच्या तांड्यावरचा एक म्हातारा नाईक होता. त्याने दोरा अगदी जिवापाड जपला होता. एका सकाळी तो पाच कोस चालत आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "कंपौंडर, तुमचा देव कोपला. दोरा आवळून राह्यला."

"देव नाही गा, पाणी हाय थे," काकाजी ओरडले. पण ओरडता ओरडता त्यांनी बोट घालून पाहिलं. बोट जाईना. पाण्याची गोळी चुकवली काय? नाही. मीठ खाल्लं काय? नाही. दुसरं काही औषध? नाही, नाही. काकाजी हैराण. शेवटी म्हाताऱ्याला चहा पाजावा म्हणून शेजारच्या हाटेलात नेला, तर हाटेलवाल्याने न मागता कपाच्या बशीत एक पांढरी गोळी ठेवली. बाजाराला आला की नाईक चहासोबत ती घ्यायचाच, आणि घरी न्यायला पुडीही बांधून घ्यायचा. कंबर दुखायची म्हणून. त्याच्या लेखी डोक्याची गोळी, म्हणजे डोकेदुखीवरची, हे काही औषध नव्हे. औषध दवाखान्यात मिळतं, ही तर हाटेलात मिळते.

त्या दिवसापासून काकाजींच्या प्रश्नाला जोडप्रश्न आला. कुणालाही ते "औषध कोणतं घेता" असं विचारीनासे झाले. ते विचारायचे, "चहासंगं काय घेता?" यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांना समजावून दिलेलं ते आपल्या पद्धतीने भर रस्त्यात समजावत. पाण्याची गोळी म्हणजे मोटेवरचा माणूस, तो विहीर उपसून राहिला आहे. दुखण्याची गोळी म्हणजे पाटात आडवा बांध घालणारा माणूस. दोघांना एका वावरात लावलं तर पाणी जाईल कुठे? वर मोटेवरचा बैलही मरेल. बैल म्हणजे मूत्रपिंड. हे सांगताना ते एकाला मोट करत, एकाला बांध करत आणि तिसऱ्याला, बहुधा कुणा अंगापिंडाने दणकट माणसाला, बैल करून मध्ये उभं करत. नाईकाची गोळी बंद झाली, आठ दिवसांत दोरा सैल झाला. तांड्यावर त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या बाजाराला तिकडचे सहा जण दोरा मागायला आले, त्यांतल्या दोघांना तर काही आजारच नव्हता.

मग माझ्या मायचे पाय सुजले. चार पावलांत तिला दम लागू लागला. यवतमाळला दाखवलं, छातीचं दुखणं निघालं, पाण्याची गोळी सुरू झाली. सूज भराभर उतरली आणि काकाजी हातात काळा दोरा घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

माय मशीनवर होती. ती मोहल्ल्याच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिने पायडल थांबवलं.

"कंपौंडर," ती म्हणाली, "छप्पन साली तुम्हीच माह्या हातातला गंडा कापला. अन् आता पायात बांधाले आले? लाज नाही वाटत तुमाले?"

"बाई, थो गंडा होता. हे माप हाय."

"कायचं माप?"

"तुमच्या पायाचं."

"असं साजरं सांगा ना मंग. माप म्हटलं तर मले समजते." आणि तिने पाय पुढे केला. काकाजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. साऱ्या तालुक्यात त्यांच्या दोऱ्याला माप म्हणणारी, उदबत्ती न ओवाळणारी ती पहिली बाई. ते दिवसभर गावाला सांगत फिरले, "शिकली नाही, पण बाईचं डोकं पाहा."

इथून पुढचं सांगताना मला आजही बरं वाटत नाही, पण सांगतो.

बुद्ध जयंती जवळ आली होती. त्या वर्षी मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांनी पांढरं लुगडं आणि नवं पांढरं ब्लाउज घालायचं ठरवलं होतं, आणि शिवणारी एकटी माझी माय. वैशाखाचं ऊन, पत्र्याची खोली, सकाळपासून पायडल. तिचे गुडघे ठणकायचे. दर बाजाराला ती मला म्हणायची, "बाबा, हाटेलातून डोक्याच्या गोळ्या घेऊन येजो." मी आणायचो. पुडी भरून आणायचो. ज्या माणसाच्या घरात राहत होतो तो रोज रस्त्यावर ओरडून जे सांगत होता, ते मी शंभरदा ऐकलं होतं, एकदा तर त्यात बैलही झालो होतो. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. ते सगळं तांड्यावरच्या म्हाताऱ्यांसाठी, अडाण्यांसाठी होतं. मी मॅट्रिक होतो.

काकाजी दर रविवारी येऊन मायच्या दोऱ्याखाली बोट घालत. बोट सहज जाई. "फस्टकलास," ते म्हणत. मायचा चेहरा भरल्यासारखा दिसू लागला होता, पोटऱ्याही. मी म्हटलं, "काकाजी, सूज वाटते." ते म्हणाले, "डोळा खोटं बोलते बाबू, दोरा खोटं बोलत नाही." चहासोबत काय घेता, हे त्यांनी गावातल्या एकूण एक माणसाला विचारलं होतं. माझ्या मायला विचारलं नाही. दोऱ्याला माप म्हणणाऱ्या बाईला असलं विचारणं त्यांना अपमानाचं वाटलं असावं.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी मायला पाय पायडलवर ठेवता येईना. डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या, श्वास वरच्या वर, आणि कालपासून लघवी नाही. मी काकाजींना ओढतच आणलं. त्यांनी खाली बसून बोट घातलं. बोट गेलं.

"दोरा तं सैल हाय," ते म्हणाले.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. "काकाजी, दोऱ्याकडे नका पाहू, मायकडे पाहा."

त्यांनी वर पाहिलं. मग उठले, आपल्या भिंतीवरून मायच्या नावाचा जोडदोरा काढून आणला, तिच्या पायातला कापला आणि दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. मायचा दोरा चार बोटं जास्त लांब होता. उजेडात धरला तेव्हा दिसलं. मध्ये तीन ठिकाणी जोड दिला होता, इतक्या बारीक टाक्यांनी की नुसत्या नजरेला कळू नये. मायचा हातच तसा होता.

"बाई, हे कोणं वाढवलं?"

"म्याच," माय धापा टाकत म्हणाली. "घट्ट झालतं. माप हाय म्हटलं ना तुम्ही. आंग भरलं का माप वाढवाच लागते. ब्लाउज नाही काय उसवत?"

काकाजी भिंतीला टेकले. ज्यांनी दोऱ्याला देव मानलं त्यांनी त्याला हात लावला नव्हता, म्हणून ते वाचले होते. जिने माप मानलं तिने शिंपिणीच्या हिशेबाने तो तीनदा सैल केला होता. या माणसाला रडावं की हसावं कळेना, आणि मला तर त्या क्षणी दोघांचाही राग आला.

मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, चहासंगं काय घेता?"

"काही नाही. गोळी."

"कोणती?"

"डोक्याची. गुडघ्यासाठी. सकाळी दोन, दुपारी दोन. मशीन लय चालली तं अजून दोन."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांना कळलं.

बायकांनी मायला खाटेसकट उचलून स्टँडवर आणलं. यवतमाळची एस.टी. लागलेलीच होती. काकाजींनी पुढची दोन बाकं रिकामी करवली आणि गाडी हलली तशी ड्रायव्हरच्या मागे उभे राहून "जोरात घ्या, जोरात घ्या" सुरू केलं. ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, आत्ता तं फाटक सोडलं." मग त्यांना गप्प बसवेना. त्यांनी साऱ्या बसला मोट, बांध आणि बैल समजावला. अर्ध्या वाटेवर एक म्हातारी आपल्या कनवटीची पुडी सोडून विचारू लागली, "ही गोळी कायची व्हय, पाहा बरं." माय खाटेच्या वाकळीत गुंडाळलेली, दम लागलेला, तरी तिला हसू फुटलं. "कंपौंडर, मले पोहचवा आधी," ती म्हणाली. मीही हसलो. माय मरते की काय अशी भीती असताना मी त्या बसमध्ये हसलो, हे मला अजून खरं वाटत नाही.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि तापट. पाय दाबून पाहिले, रक्त तपासायला पाठवलं, गोळ्यांची पुडी हातात घेतली, रोज किती घेते हे मायच्या तोंडून ऐकलं आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असे कडाडले. "पाण्याच्या गोळीवर असलेल्या बाईला रोज सहा-सहा दुखण्याच्या गोळ्या? उन्हाळ्यात? मूत्रपिंडं बंद पाडायची आहेत का? कुणी दिल्या या?"

मी तिथेच उभा होतो. स्वच्छ शर्ट, खिशाला पेन. मी ते पेन खिशात जरा नीट खोचलं.

मायने तोंड उघडलं. ती काय म्हणणार होती मला माहीत आहे. ती म्हणणार होती, की मीच आणल्या. पण त्याआधी काकाजींनी कोटाच्या खिशातून थर्मामीटर काढून तिच्या तोंडात घातला.

"म्या देल्या साहेब," ते म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"घाटंजीचा कंपौंडर."

"कंपौंडर असून?"

"हाव साहेब. चूक झाली."

डॉक्टरांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. थर्मामीटर तोंडात असलेली माय डोळे वटारून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी तेव्हाही बोललो नाही.

दुखण्याच्या गोळ्या त्याच घटकेला बंद झाल्या. पाण्याची गोळीही दोन दिवस थांबवून नव्याने बेतून दिली. चौथ्या दिवशी मायला भरपूर लघवी झाली आणि काकाजींनी ही बातमी वॉर्डात, व्हरांड्यात आणि बाहेर पानाच्या ठेल्यावर जाहीर केली. ओळख ना पाळख, लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या पाच-सहा बायका नवी पांढरी ब्लाउजं घालून भेटायला आल्या, तर माय पडल्या पडल्या म्हणाली, "तुह्या बाहीत घोळ राह्यला वं, काढून देतो घरी आली का."

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट सांगितलं. पाण्याची गोळी चालू असेल तर डोक्याची, सांध्याची कुठलीही गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. गुडघ्याला आधी शेक आणि विश्रांती. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल नावाची नवी गोळी आली आहे, ती थोडी, मोजून आणि विचारून. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हाने अंग सुकलं, तर पाण्याच्या गोळीबद्दलसुद्धा लगेच विचारायला यायचं. आणि कुठल्याही डॉक्टरपुढे गेलं की घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या त्याच्यासमोर ठेवायच्या, हाटेलातल्या धरून. मी सगळं लिहून घेतलं. लिहिता मला छान येत होतं.

दीड महिन्याने काकाजींची बदली मारेगावला झाली. त्या डॉक्टरांनी वर शेरा पाठवला होता, म्हणे. त्यांनी कसलीही कुरकूर केली नाही. भिंतीवरचे दोरे एका पिशवीत भरले, आमच्या खोलीच्या दारावर "मुलांच्या हाताला लागू देऊ नये" हे लेबल डकवलं, "तुह्यासाठी हाय बाबू," म्हणून हसले आणि एस.टी.त बसले. माय स्टँडवर आली होती. तिने त्यांच्या कोटाची पाचही बटणं उपटून एकाच रंगाची लावून दिली होती. आणि गाडी गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जाऊन येजो मारेगावले." एवढंच. त्या गोळ्या कुणी आणल्या होत्या हे तिने पुढे अकरा वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाही, आणि ती अकरा वर्षं मला काकाजींमुळे मिळाली.

मी महिनाभर टाळाटाळ केली आणि मग गेलो. ते औषधाच्या खिडकीत उभे होते. मी एका दमात सांगून टाकलं, की मला लाज वाटते, मी यवतमाळला जातो, डॉक्टरांना खरं सांगतो, वरिष्ठांना अर्ज लिहितो.

त्यांनी शांतपणे पुड्या बांधत ऐकलं. "अर्ज तं तू चांगलाच लिहिशील," ते म्हणाले. "पण डागदरले सांगून काय होते? त्याले तं या गोळ्यांचं आधीच समजते सारं. बाई ऐकून राह्यली होती, अन् थो डागदर चिडेल होता. चिडलेला डागदर पोराच्या आंगावर गेला असता तं बाईची छाती थांबली असती. म्हणून म्या बोललो. त्यात काही मोठं नाही."

"मग मी काय करू, काकाजी?"

"सांगाचंच असन ना, तं हाटेलाच्या बाकावर बसून सांग. बाजाराच्या दिवशी. मोठ्यानं."

मी परत आलो. तीन बाजार गेले. मी हाटेलापर्यंत जायचो, चहा प्यायचो आणि उठून यायचो. पंचायत समितीचा बाबू, लोक काय म्हणतील, असली भिकार कारणं. चौथ्या बाजाराला मात्र शेजारच्या माणसाच्या बशीत हाटेलवाल्याने पांढरी गोळी ठेवली आणि मी कप खाली ठेवून उभा राहिलो.

"माह्या मायले पाण्याची गोळी चालू होती," मी म्हणालो. आवाज इतका चिरका निघाला की भजी तळणाराही थांबला. "तिले या गोळ्या म्या आणून देल्या. अठूनच, या हाटेलातून. कंपौंडरनं नाही, म्या. ती मरता मरता वाचली."

हाटेलवाला झारा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. कुणी हसलं नाही. मला वाटलं, झालं, आता निघावं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून माझ्याच वयाचा एक माणूस उठला. बाजाराची पिशवी घेऊन तो माझ्यापुढे आला, खिशातून कागदाची पुडी काढली आणि तळहातावर धरली.

"माह्या मायचेही पाय सुजून राह्यले," तो म्हणाला. "तिलेच नेऊन राह्यलो होतो. आता काय करू, बाबू?"

मी ती पुडी त्याच्या हातातून घेतली आणि त्याला घेऊन दवाखान्याकडे निघालो.